टोकनचा चेक थोडा थांबू दे

फ्लॅट मनात भरलाय ना तुझ्या? स्वयंपाकघराच्या खिडकीबद्दल तू ज्या आवाजात बोललीस, तेव्हाच मला कळलं. कर्वेनगरातली अठ्ठावीस वर्षांची इमारत, चारांपैकी दुसरा मजला, समोर आंब्याचं झाड, शाळा चालत जाण्यासारखी. विकणारे काका-काकू सज्जन आहेत. एजंट रोज फोन करून ‘अजून दोन पार्ट्या बघून गेल्या’ म्हणतोय. सासूबाईंनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरलाय, आणि तुझं डोकं हप्ते, अॅडमिशन आणि ऑफिस यांत गरगरतंय. सगळं दिसतंय मला गं. तरी माझं एक ऐक. टोकनचा चेक लिहिण्याआधी एक चांगला स्ट्रक्चरल इंजिनियर गाठ, त्यांची फी दे, आणि त्यांना ते घर गच्चीवरच्या टाकीपासून पार्किंगमधल्या कॉलमपर्यंत बघू दे.

खरं सांगू का, कागद तपासून घ्यायची सवय आपल्याला आता बऱ्यापैकी लागलीय. वकील असतो, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट असतो, इंडेक्स टू निघतं, भोगवटा प्रमाणपत्र मागितलं जातं. ते हवंच. पण ज्या भिंतींमध्ये राहायचं, त्या मात्र आपण एका रविवारी संध्याकाळी चहा पिता पिता बघतो. काकू पोहे पुढे करतात, आपण संकोचाने बाथरूममध्ये नुसतं डोकावतो, कपाटामागे बघायचं धाडस होत नाही. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचं कर्ज त्या अर्ध्या तासावर ठरतं.

‘बँकेचा माणूस येणारच आहे की बघायला,’ असं तू म्हणालीस. इथेच बघ सगळ्यात जास्त गैरसमज होतो. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो बँकेसाठी. हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली, तर बँकेचे पैसे वसूल होतील का, एवढं त्याला सांगायचं असतं. तो मापं घेतो, फोटो काढतो, आसपासचे भाव बघतो, इमारतीचं वय आणि अंदाजे उरलेलं आयुष्य लिहितो आणि निघतो. वरच्या मजल्याचं बाथरूम तुझ्या छतात झिरपतंय का, हे शोधणं त्याचं काम नाही. त्याची फी तुझ्या खिशातून जाते, पण अहवाल बँकेचा असतो. वकील बघतात ते घर विकायचा हक्क काकांना आहे का, आणि त्यावर कुणाचा बोजा आहे का. दोघंही आपापलं काम चोख करतील, आणि तरीही पहिल्या पावसात तुझ्या बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघू शकतील. त्या भिंतीकडे तुझ्या बाजूने बघणारं तिसरं कुणीतरी हवं.

हा तिसरा माणूस एजंटने सुचवलेला नको, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेव. व्यवहार झाला तरच एजंटला दलाली मिळते, मग त्याचा ओळखीचा इंजिनियर किती मोकळेपणाने बोलेल? वॉटरप्रूफिंगचं काम करणारा कॉन्ट्रॅक्टरही नको. त्याला प्रत्येक भिंतीत काम दिसेल. महापालिकेकडे नोंदणी झालेले स्ट्रक्चरल इंजिनियर असतात, त्यांच्यातले कुणी बघ. ज्या सोसायट्यांनी हल्ली मोठी दुरुस्ती करून घेतलीय, तिथल्या सेक्रेटरींना विचार. फी आधी ठरव आणि अहवाल लेखी मिळेल हे आधीच बोलून घे. एजंटला एक टक्का देताना आपण कां-कूं करत नाही, त्यामानाने ही फी किरकोळ असते गं.

आता ते येतील तेव्हा काय बघतील ते सांगते, म्हणजे तू नुसती मागे मागे फिरणार नाहीस.

सगळ्यात आधी ओल. जुन्या फ्लॅटमधली बरीच डोकेदुखी पाण्यातूनच येते. तू बघायला जातेयस एप्रिलमध्ये, म्हणजे भिंती वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत. वरून नवा रंग मारलेला. रंग नवा असणं वाईट नाही, घर विकताना कुणीही ते करतं. पण सगळ्या घराला जुना रंग आणि एकाच कोपऱ्यात ताजा पट्टा दिसला, तर तिथे थांबायचं. इंजिनियर तिथे मॉइश्चर मीटर लावतील. तू मात्र नाक वापर. भिंतीतल्या कपाटाचं दार उघड आणि आत वास घे, बाथरूमच्या पाठीला असलेल्या कपाटाचा तर नक्की. खालच्या फळीला बुरशी, भिंतीवर पांढरा खार, स्कर्टिंगजवळ फुगलेला रंग, फरशीच्या सांध्यांत काळपट रेघा, हे सगळं न बोलता खूप सांगून जातं. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती जास्त झोडपल्या जातात. त्या बाजूला खिडक्यांवर छज्जे आहेत का, खिडकीखाली पाणी आत आल्याचे डाग आहेत का, ते बघ.

मग बाथरूमचं छत. फॉल्स सीलिंग असेल तर ते उघडून दाखवायला सांगायचं. लाजू नकोस. वरच्या मजल्याचे पाइप, नहाणी ट्रॅपचा सांधा, स्लॅबवरचे डाग, सगळं त्या फॉल्स सीलिंगच्या मागे लपलेलं असतं. आणि आता माझी अगदी आवडती युक्ती ऐक. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या घरी जा. ‘आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमचं बाथरूमचं छत बघू का जरा?’ एवढंच विचार. तुझ्या होऊ घातलेल्या बाथरूमची खरी तब्येत तुला त्यांच्या छतावर दिसेल. शिवाय त्या भडाभडा बोलतीलही, कारण गळत असेल तर त्या वैतागलेल्या असतील. हे इतकं महत्त्वाचं का, तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीची, पण संडास-बाथरूम आणि सिंकमधून होणाऱ्या आतल्या गळतीचा खर्च त्या त्या सदस्याचा. म्हणजे सही केलीस की तो खर्चही तुझ्या नावावर आला. वहिनींशी भांडण फुकट.

इंजिनियर भिंतीवर आणि स्लॅबखाली छोट्या हातोडीने ठोकत फिरतील. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना, तसंच ते. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर प्लास्टर आतून सुटलंय किंवा काँक्रीटचा थर निघायला आलाय. 

भेगांना बघून घाबरू नकोस. प्रत्येक घरात असतात. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा निरुपद्रवी. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या निघालेल्या रुंद भेगा विचारायच्या. आणि बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला समांतर जाणारी भेग, तीही तांबूस डागाची, दिसली तर त्यांनी नीट वेळ घेऊन बघितलीच पाहिजे. त्यामागचं कारण समजून घे, म्हणजे अहवाल वाचताना दडपण येणार नाही. काँक्रीट क्षारधर्मी असतं, आणि तोच गुण आतल्या लोखंडी सळईला गंजण्यापासून वाचवतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, तो गुण कमी होत जातो, त्यात ओल मिळाली की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो बाहेरच्या काँक्रीटला ढकलतो आणि भेग पडते. म्हणजे आज जी गळती ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिली, तीच पुढे बीमपर्यंत पोचते.

रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, काँक्रीटवर फवारा मारून गुलाबी रंग येतो का बघणं, अशा चाचण्यांची नावं तुझ्या कानावर येतील. (रंग आला तर क्षारपण शाबूत, नाही आला तर गेलं.) त्या पूर्ण इमारतीच्या ऑडिटमध्ये होतात, आणि कॉलमला भोक पाडून नमुना घ्यायचा तर सोसायटीची परवानगी लागते. तुझे इंजिनियर मुख्यतः डोळ्यांनी आणि साध्या उपकरणांनी तपासतील. अनुभवी माणसाला तेवढ्यातही पुष्कळ कळतं.

म्हणूनच सेक्रेटरींकडे इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट मागायचा. आदर्श उपविधींत तसं लिहिलंच आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी. तुझी इमारत अठ्ठावीस वर्षांची, म्हणजे गेल्या पाच वर्षांतला एक तरी अहवाल त्यांच्या कपाटात असायला हवा. तो तू स्वतः मागू नकोस, काकांना मागायला सांग. ते सदस्य आहेत, त्यांना नाही म्हणता येणार नाही. अहवाल आहे पण त्यातली दुरुस्ती झालेलीच नाही, असंही दिसतं खूपदा. मग विचार की सिंकिंग फंडात किती आहे, प्रत्येक फ्लॅटवर किती वर्गणी बसणार, ती ठरून गेलीय का. गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचलीस तर कुठे गळतंय, कोण भांडतंय, लिफ्ट किती वेळा बंद पडते, सगळं कळेल. अगं, मी तर म्हणते, सोसायटी कशी आहे हे त्याहून चांगलं कुठे कळत नाही.

कुणीतरी तुला सांगेल, ‘रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग तपासायचं कशाला?’ तू अजिबात भुलू नकोस. रिडेव्हलपमेंटची चर्चा सोसायट्यांत वर्षानुवर्षं चालते. सोसायटीच्या नावावर जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, एवढा एक प्रश्न विचारलास तरी ती चर्चा किती पुढे गेलीय याचा अंदाज येईल. तोवर राहायचं याच भिंतींत आहे.

आता घरात केलेले फेरफार. हा भाग मला सगळ्यात काळजीचा वाटतो. बाल्कनी आत घेतलेली असते, हॉल मोठा करायला भिंत काढलेली असते, स्वयंपाकघर हलवलेलं असतं. दिसायला फार सुंदर. पण काढलेली भिंत नुसती विटांची होती, की तिच्यासोबत बीम-कॉलमलाही हात लागला, हे आपल्याला नाही कळत. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली, आणि तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये गं. तुझ्या फ्लॅटमध्ये सगळं ठीकच असेल. पण तळमजल्यावर दुकानं किंवा दवाखाना असेल तर तिथे काय बदल केलेत, हे इंजिनियरना बघू दे. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा काकांकडून किंवा सोसायटीकडून घे आणि त्यांच्या हातात ठेव. नकाशात नाही असं बांधकाम दिसलं तर ते कायदेशीर होण्यासारखं आहे का, हे वकिलांना विचारायचं. ‘इकडे सगळ्यांनीच केलंय’ हे उत्तर पुरेसं नाही.

मापं त्याच भेटीत घेऊन टाका. जुन्या करारांत बहुतेक वेळा बिल्टअप लिहिलेलं असतं, एजंट तिसराच आकडा सांगतो. तू कार्पेट मोजून घे. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. लेझरच्या यंत्राने पंधरा मिनिटांचं काम आहे. मग भाव प्रत्यक्ष कार्पेटवर काढून शेजारच्या फ्लॅटशी ताडून बघ.

नळ आणि वीज यांचं पटकन सांगते. सगळे नळ एकदम सोड, त्यातच फ्लश कर, पाण्याचा जोर किती पडतो आणि पाणी कुठे तुंबतं ते दिसेल. जुने जीआय पाइप आतून गंजून अरुंद होतात, ते बदललेत का विचार. मीटरच्या बोर्डात आरसीसीबी आहे का, अर्थिंग नीट आहे का, दोन एसी आणि गिझर झेपतील एवढा लोड आहे का, हे तपासून घे. इथला खर्च आटोक्यातला असतो, त्यावरून घर नाकारायचं नाही.

तुझ्या नणंदेला नवीनच इमारत हवीय म्हणालीस, ‘नवीन म्हणजे काळजी नाही’ म्हणून. तिला सांग, २०२० मध्ये महाडला कोसळलेली तारिक गार्डन काही फार जुनी नव्हती. नवीन फ्लॅटला एक मोठा आधार आहे, तो वापरावा. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दोष दाखवायला आधी तो सापडायला हवा, म्हणून तिथेही ताबा घेताना इंजिनियर सोबत असावा. आणि महारेराचा नंबर आहे म्हणून कागद बघायचे सोडायचे नाहीत. डोंबिवलीकडच्या ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांवर तो नंबर मिळवला होता, आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. परवानगी महापालिकेतूनच खरी आहे का, हे विचारून घ्यायचं.

सासवडच्या बाजूला बंगला घ्यायचं भाऊजींच्या डोक्यात आहे, तिथे मात्र आणखी एक तपासणी लागते. तिथे जमिनीची मोजणी आधी. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, पण कुंपण त्याच जागी आहे याची खात्री तो देत नाही. सध्याच्या मालकाला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायला सांगायचं. शेजाऱ्यांना नोटिसा जातात, भूकरमापक येऊन हद्द मोजतात आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. कंपाउंडची भिंत दोन फूट शेजाऱ्याच्या जागेत गेलीय, किंवा वहिवाटीचा रस्ता दुसऱ्याच्या नावावर आहे, असं काही असेल तर ते तेव्हाच बाहेर येतं. सातबारा सामाईक असेल आणि हिस्से पाडलेले नसतील, तर वकिलांशी बोलल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मग बंगल्याच्या भावात एक-दोन फुटांच्या पट्टीची किंमत काय होते ते भाऊजींनाच काढू दे. मोजणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करायला हवा. गावठाणातलं घर असेल तर ड्रोनच्या मोजणीतून झालेलं मालमत्ता पत्रक आहे का, ते विचारायचं.

तुझ्याकडे परत येते. मला माहितीये, तुला सगळ्यात अवघड वाटतंय ते काकांना सांगणं. ‘त्यांना वाटेल आपला विश्वास नाही.’ अगं, असं म्हण की कर्ज मोठं आहे, घरच्यांनी सांगितलंय की इंजिनियरने बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझं नाव घे हवं तर, बिनधास्त घे. सज्जन माणूस कुरकुर करेल आणि हो म्हणेल. ‘बघायचं असेल तर दुसरा फ्लॅट बघा’ असं कुणी चिडून म्हणालं, तर त्या चिडण्यातूनही तुला काहीतरी कळलंच.

आणि एजंट ‘आज टोकन द्या, नाहीतर जाईल’ म्हणाला, तर विसार पावतीत एक ओळ घालून घे. तांत्रिक तपासणी आणि टायटल समाधानकारक असेल तरच व्यवहार पुढे जाईल, नाहीतर विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. मसुदा वकिलांकडून बघून घे. रक्कम लहान ठेव आणि ती चेकने दे, रोख नको. मुहूर्त सासूबाईंना हवाय ना? त्या दिवशी ही पावती कर. त्यांचा मुहूर्त साधेल, तुझा रस्ता मोकळा राहील.

अहवाल हातात आला की त्यात बरंच काही लिहिलेलं असेल, आणि पहिल्या वाचनात तुझा धीर सुटेल. सुटू देऊ नकोस. इंजिनियरना फोन कर आणि प्रत्येक गोष्टीचं विचार की हे लगेच करायचं का, वर्षभरात चालेल का, की नुसतं लक्ष ठेवायचं, आणि अंदाजे खर्च किती. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग असं निघालं तर आकडा मांड आणि काकांशी किमतीचं बोल. तो आकडा त्यांनाही ऐकावा लागतो, कारण तो तुझ्या मनाचा नसतो. बीम-कॉलमचं, सळईचं, संपूर्ण इमारतीचं काही निघालं आणि सोसायटी हात झटकत असेल, तर कितीही जीव अडकला असला तरी सोड. त्या खिडकीसाठी दोन दिवस रडशील, मग दुसरी खिडकी सापडेल.

तू हे सगळं करू शकतेस. ऑफिसात याच्या दुप्पट गोष्टी एका वेळी सांभाळतेस, मला ठाऊक आहे. फक्त घराच्या बाबतीत सगळे मोठे बोलायला लागले की तू गप्प होतेस. या वेळी नको होऊस.

इंजिनियर सकाळच्या उजेडात यायला हवेत, तेव्हा काकांकडून सकाळचीच वेळ घे. गच्चीचं कुलूप, टाकीवर चढायची शिडी आणि डक्टचं दार यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते आदल्या दिवशीच विचारून ठेव. बॅटरी, मंजूर नकाशाची प्रत आणि वही बरोबर ने. आणि खालच्या वहिनींकडे जाताना लेकीला ने. पोर बरोबर असलं की दार लवकर उघडतं.